नाव घेऊन केलेला त्याग

बोरगाव, ता. निपाणी
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय सौम्या,

जयजिनेंद्र. फोन असताना हिला कागद कुठून सुचला, असं म्हणशील. फोनमुळेच सुचला. रिंग वाजली की माझ्या छातीत असं काही होतं की हातातलं भांडं खाली ठेवावं लागतं. महिन्यापूर्वी मी फोन बंद करून यांच्या खतांच्या दुकानातल्या कपाटात ठेवून दिला. घरात सांगितलंय की बिघडलाय.

मुद्द्याचं आधी लिहिते, नाहीतर धीर सुटेल. मला वेड लागतंय का, एवढं सांग. तू बेळगावात लॅबमध्ये असतेस, रोज शंभर आजारी माणसं तुझ्यासमोर हात पुढे करून बसतात. तुला कळेल.

सकाळी प्रणिताला शाळेच्या गाडीत बसवते. गाडी वळणाआड गेली की मला खात्री होते, ही आता परत येत नाही. वाटत नाही गं, खात्री होते. हातपाय गार पडतात, जीभ कोरडी पडते, छाती धडधडते. साडेचारला ती दप्तर आपटत घरात येईपर्यंत मी दारातून हलत नाही. ती आल्यावर तरी बरं वाटावं? पुढची भीती रांगेत उभीच असते. गॅस बंद केला का? यांची मोटारसायकल कुठं घसरली का? आणि कुठलंच कारण मिळालं नाही तर नुसती भीती, कशाचीच नसलेली. ती सगळ्यात वाईट.

सांधेदुखीचं तुला मागे सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी बोटं सुजली, मग मनगटं, गुडघे. सकाळी तासभर मूठ मिटत नव्हती. भीती त्याच सुमाराला सुरू झाली. सांध्यांना आता बराच आराम आहे, औषध चालू आहे. बस्तीत दर्शनाला आलेल्या बायका म्हणतात, त्रिशला कशी भरलीय, गाल वर आलेत. त्यांना काय सांगू?

सासूबाई सारख्या विचारतात, "कशाचं भ्या वाटतंय तुला? खायला हाय, ल्यायला हाय, नवरा गरीब हाय. त्या भ्याचं नाव तरी सांग की." नाव मला सांगता येत नाही. परवा देवासमोर णमोकार म्हणताना मध्येच विसरले. बोलायला लागल्यापासून येणारा मंत्र, सौम्या. मी तिथंच बसून रडले.

हे कुणाला सांगू नकोस. आमच्या मागच्या गल्लीतल्या एकीला डोक्याचं काहीतरी आहे म्हणून माहेरी पाठवलं. लेकरं इथंच राहिली. तिला जाऊन तीन वर्षं झाली. माझ्या प्रणिताला सहावं लागलंय.

लवकर लिही.

तुझी
त्रिशला


मच्छे, बेळगाव
२६ ऑगस्ट २०२४

प्रिय त्रिशे,

पोस्टमननं पाकीट दिलं तेव्हा आमच्या पोरानं, ओमकारनं, विचारलं, "कोर्टाचं काय आलंय काय गं?" आमच्याकडे पत्र म्हणजे कोर्ट नाहीतर विम्याचा हप्ता. नवऱ्याला सांगितलं, मैत्रिणीचं प्रेमपत्र आहे. तो कंपनीत जाईपर्यंत थांबले आणि मग वाचलं. दोनदा वाचलं.

तुला वेडबिड काही लागलेलं नाही. हॉस्टेलात परीक्षेच्या आदल्या दिवशी तुझा चेहरा चुन्यासारखा व्हायचा आणि निकालात पहिला नंबर यायचा. तू मुळातच काळजी करणाऱ्यांपैकी आहेस, आणि त्यात दिवसभर कानाशी सासूबाई. "भ्याचं नाव सांग" म्हणे. त्यांचंच नाव सांगायचं होतंस. मी नंदगडच्या शेतकऱ्याची पोरगी, मी सांगितलं असतं.

तेव्हा ऐक. सकाळी अर्धा तास चालायचं. छाती धडधडली की श्वास मोजायचा, चार आत, सहा बाहेर. प्रणिताला गाडीत बसवून दारात उभं राहायचं नाही. कुठं तरी जीव गुंतव. शिवण, शिकवण्या, काहीही.

तरी मनाला शंका नको. निपाणीत आमच्या लॅबचं रक्त घ्यायचं केंद्र आहे. सकाळी आठच्या आत जायचं, तिथल्या राजाबाईंना माझं नाव सांगायचं. बाटल्या बेळगावला माझ्याच हातात येतात. एखाददुसरी तपासणी मी माझ्या मनानं वाढवीन. आणि "औषध चालू आहे" म्हणून निसटू नकोस. कुणाचं औषध, कसलं, किती दिवस, ते लिही. हॉस्टेलात शेंगदाण्याचे लाडू लपवताना तू असंच गुळमुळीत बोलायचीस.

तुझी
सौम्या


बोरगाव
२० सप्टेंबर २०२४

प्रिय सौम्या,

उशीर झाला. मध्ये दशलक्षण आलं. या वर्षी मुनिमहाराजांचा चातुर्मास आमच्याच गावात आहे, सासूबाई दिवसभर बस्तीत. मीही दहा दिवस एकवेळ जेवले. लोकांना वाटलं केवढी श्रद्धा. खरं म्हणजे दुसऱ्या वेळचा घास घशाखाली उतरतच नव्हता.

रक्त काल देऊन आले. निपाणीच्या बसमध्ये दोनदा उतरावंसं वाटलं. एकदा तर उतरलेच, अकोळच्या फाट्यावर, आणि पुढच्या बसची वाट बघत उभी राहिले.

आता लपवलेलं लिहिते. औषध डॉक्टरचं नाही. नदीपलीकडच्या एका गावात एक माणूस सांध्यांवर पुडी देतो. झाडपाला आहे म्हणतो. दीड वर्ष झालं. पहिली पुडी घेतली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी मूठ मिटली, सौम्या. प्रणिताची वेणी घातली. मला तो माणूस देव वाटला. यांना ठाऊक आहे, सासूबाईंना नाही. कुणी काय कुटून घातलंय ते माहीत नसलेलं औषध त्या घरात येऊ देणार नाहीत.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आलीय आणि ती कुणाला सांगायचं धाडस होत नाही. पुडी घेतल्यावर चार तास मी पळत असते. भांडी, धुणं, झाडलोट, सगळं भरभर. झोप म्हणून नाही. मग उतरतं. पुडी आणायला दोन दिवस उशीर झाला तर सांधे आणि भीती, दोन्ही एकदम येतात. अंगातलं सगळं पाणीच कुणी तरी खालून सोडून दिलं असं होतं. म्हणून आता मी एकाऐवजी दोन घेते. कधी तीन.

इथल्या एका डॉक्टरांना दाखवलं. पुडीचं बोलले नाही. त्यांनी "टेन्शन आहे" म्हटलं आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. तुझं चालणं, श्वास मोजणं सगळं केलं. चारपर्यंत मोजते आणि पाचव्या आकड्यावर वाटतं की श्वास थांबला.

तू सासूबाईंना दोष दिलास, ते मला जरा लागलं. त्या कडक आहेत. पण परवा मी पहाटे न्हाणीघरात बसून राहिले होते, तर दाराबाहेर त्याही बसून होत्या.

आता खरंच सहन होत नाही. जे असेल ते सांग.

तुझी
त्रिशला


मच्छे
१ ऑक्टोबर २०२४

त्रिशे,

सापडलं. नीट बसून वाच.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते. ती पहाटे कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य रक्तात सोडते. ताणाचं हार्मोन म्हणतात त्याला, पण त्याचं काम तेवढंच नाही. ते सकाळी अंथरुणातून उठवतं, संकटात उभं करतं, अंगातली सूज आटोक्यात ठेवतं. सकाळी आठला ते भरपूर असायला हवं. तुझं जवळजवळ नाहीच. मशीन चुकलं म्हणून मी दुसऱ्यांदा लावलं. तेच आलं. आणि सुजेचा आकडा, सीआरपी, चौपट.

याचा अर्थ एकच. तुझा झाडपाला झाडपाला नाही. पुडीत स्टेरॉइड आहे. बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर तुझ्या ग्रंथींनी काम सोडलंय. ते वर आलेले गाल त्याचेच.

आता भीतीचं. सांध्यातली सूज सांध्यात बसून राहत नाही. तिची रसायनं रक्तातून मेंदूपर्यंत जातात आणि भीतीचा जो कोपरा असतो तो उगाच जागा ठेवतात. समोर काही नसताना शरीर पळायच्या तयारीत. पुडी घेतलीस की सूज दबते, पण जादा स्टेरॉइडनं झोप उडते, छाती धडधडते. पुडी उतरली की सूज परत, भीती परत, आणि सावरायला स्वतःचं कॉर्टिसॉल शिल्लक नाही. हे तुझं मन नाही, त्रिशे. हे रक्त आहे, माझ्यासमोर कागदावर आकड्यात लिहिलेलं.

सासूबाईंना नाव हवं होतं ना? सांग, नाव स्टेरॉइड.

ती पुडी आजच बंद कर. आजच. एकही घेऊ नकोस, कितीही त्रास झाला तरी. त्या माणसाची पायरी चढू नकोस. मी तुला ओळखते, एकदा ठरवलंस की तू मोडत नाहीस. हे विष अंगातून गेलं की सगळं जागेवर येईल.

मला आज इतका आनंद झालाय की लॅबमध्ये सगळ्यांना चहा पाजला. कारण कुणालाच सांगितलं नाही.

तुझी
सौम्या


बोरगाव
९ ऑक्टोबर २०२४

माझी सौम्या,

तुझं पत्र शनिवारी आलं. मी ते घरामागच्या परड्यात उभ्यानं वाचलं आणि पहिल्यांदा प्रणिताची गाडी यायच्या वेळी मी दारात नव्हते.

मला वेड लागलेलं नाही. दोन वर्षांत हे मी स्वतःला पहिल्यांदा म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, शेजारणीनं वळून बघितलं.

उरलेल्या सगळ्या पुड्या परसात खड्डा करून पुरल्या. पण माझा माझ्यावर भरवसा नव्हता. गुडघे सुजले की मी परत त्या माणसाकडे जाणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून रविवारी सकाळी श्रीफळ घेऊन महाराजांपुढे बसले. सासूबाई सोबत होत्या. महाराजांनी विचारलं, कशाचा त्याग? मी तुझ्या पत्रातलं नाव घेतलं. म्हटलं, स्टेरॉइड नावाच्या द्रव्याचा, ते पुडीत असो, गोळीत असो, कशातही असो, आजन्म त्याग. महाराज "औषध आहे का हे?" म्हणाले. मी सांगितलं, नाही, विष आहे. तू तसंच लिहिलं होतंस. त्यांनी मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला. नियम झाला.

घरी येताना सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. रागावल्या नाहीत. "चांगलं केलंस," एवढंच म्हणाल्या.

नकळत इतके दिवस काय काय पोटात गेलं त्याचं प्रायश्चित्त म्हणून तीन उपवास केले. आता अशक्तपणा खूप आहे. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी, उलटीसारखं वाटतं, मीठ चाटावंसं वाटतं. सांधे तर परत पहिल्यासारखे, हे पत्र दोन दिवस थोडं थोडं लिहितेय. भीती वाढलीय. पण तू म्हणालीस विष जाताना त्रास होणार, म्हणून मी सोसते. कारण कळलं की माणूस किती सोसू शकतो गं.

तुझे उपकार मी कसे फेडू?

त्रिशला


मच्छे
१६ ऑक्टोबर २०२४

त्रिशे,

हे पत्र हातात पडताक्षणी दवाखान्यात जा. उद्या नाही, आत्ता. निपाणीत नको, थेट कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरांकडे. तिथं पहिलं वाक्य हे सांग: दीड वर्ष स्टेरॉइड घेत होते आणि एकदम बंद केलं.

तुझं पत्र मी आज आमच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, दीड वर्ष झोपलेली ग्रंथी एका दिवसात उठत नाही. स्टेरॉइड कमी करायचं असतं ते पायरी पायरीनं, महिनोन् महिने, आणि डॉक्टरच्या नजरेखाली. एकदम तोडलं तर रक्तदाब पडतो, मीठ-पाणी अंगात राहत नाही, माणूस जातो. अंधारी, उलटी, मीठ चाटावंसं वाटणं, ही सगळी त्याचीच लक्षणं आहेत. सूज मोकळी सुटली म्हणून भीतीही वाढलीय. भीती दर वेळी सुजेनंच येते असं नाही, पण तुझ्या बाबतीत दोन्ही एकाच दाव्याला बांधलेल्या आहेत, असं ते म्हणाले.

तुला आता स्टेरॉइड घ्यावंच लागेल, त्रिशे. मोजून, गोळीतून, आणि हळूहळू कमी करत. तोवर सांध्यांचं खरं औषध सुरू होईल.

भाऊजींना तीन वेळा फोन केला. म्हणाले, "उपवासानं जरा गळाठलीय, दोन दिवसांत हुईल बरी." मी म्हटलं, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. ते बरं म्हणाले.

जा गं. हात जोडते.

सौम्या


कोल्हापूर
२३ ऑक्टोबर २०२४

सौ. सौम्याताई यांस,

वीरेंद्रचा नमस्कार. फोनवर मला हे सगळं बोलता येणार नाही, म्हणून लिहितो. बेळगावच्या बसच्या ओळखीच्या कंडक्टरकडे देतो, उद्यापर्यंत पोचेल.

शनिवारी, १९ तारखेला, त्रिशला स्वयंपाकघरात पडली. उचललं तर अंग गार, बोलणं नाही. गाडीतून इकडे आणलं. वरचा रक्तदाब साठ होता. डॉक्टरांनी शिरेतून इंजेक्शन दिलं. अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं, असं म्हणाले. आपलं १६ तारखेचं पत्र त्याच दिवशी दुपारी घरी आलं होतं. ते मी रविवारी उघडलं. मग तिच्या ट्रंकेतली आपली आधीची पत्रंही वाचली. तिची परवानगी न घेता वाचली, त्याबद्दल माफी असावी.

ताई, आपण मला तीन वेळा फोन केलात. "दाखवून घ्या" म्हणालात. "नाहीतर ती जाईल" असं एकदाही का म्हणाला नाहीत? मी अडाणी दुकानदार आहे, पण एवढं ऐकून मी दुकान उघडं टाकून पळालो असतो. असो.

आता ती शुद्धीवर आहे आणि गोळी घेत नाही. म्हणते, बेशुद्धीत तुम्ही सुई दिलीत त्याचा दोष मला नाही, पण शुद्धीत मी नियम मोडणार नाही. नुसत्या पुडीचा त्याग केला असता तर गोष्ट वेगळी होती. आपण नाव लिहिलं, म्हणून तिनं नावानं सोडलं. गोळीच्या पाकिटावर बारीक अक्षरात तेच नाव आहे, ते तिनं वाचलं.

मी गावी जाऊन महाराजांच्या पाया पडलो. ते म्हणाले, रोग्याला औषधाची मोकळीक आहे, माझा निरोप सांगा. तो सांगितला, तर म्हणाली, "तुमी सगळी मिळून मला फसवालाय." महाराज दवाखान्यात येत नाहीत, आणि डॉक्टर हिला हलवू देत नाहीत. ती आता कुणावरच विश्वास ठेवत नाही. सिस्टर सलाईन बदलायला आली तरी भिंतीकडे सरकते. काल सुई उपसून टाकली. शुद्धीतल्या माणसाला जबरदस्ती करता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. त्याआधी अंगात गेलेल्या औषधावर फार तर दोन-तीन दिवस निघतील.

गोळी कुटून दुधातून द्यावी असं माझे भाऊ म्हणतात. देऊ का? आपण सांगाल तसं करतो. प्रणिता विचारते, आई कधी येणार.

वीरेंद्र


कोल्हापूर, दवाखान्याच्या जिन्यावर
२५ ऑक्टोबर २०२४, दुपार

त्रिशे,

मी खाली आहे. सकाळच्या पहिल्या बसनं आले. भाऊजी म्हणाले, तुला मला भेटायचं नाही. बरोबर आहे. तुझ्या सासूबाई हे पत्र वर आणतील.

दुधात गोळी घालू देणार नाही, हे पहिलं सांगते. भाऊजींना तसं बजावलंय. एकदा एका माणसानं तुला न सांगता औषध चारलं, आता घरच्यांनी तेच करायचं नाही. तू जे घेशील ते डोळ्यांनी बघून घेशील.

आता माझं ऐक. पहिला अहवाल आला तेव्हा डॉक्टर शेजारच्या खोलीत होते. दार ढकलून विचारलं असतं तर ते दोन मिनिटांत म्हणाले असते, एकदम थांबवू नका. मी विचारलं नाही. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या बाटल्यांवर नावं चिकटवतेय मी. एकदा तरी मला स्वतःला सापडलं, असं हवं होतं. "आजच बंद कर" हे मी तुझ्यासाठी लिहिलं तेवढंच माझ्या मिजाशीसाठी लिहिलं.

आणि दुसरं. तुझं पत्र दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, हिला बंद करायला कुणी सांगितलं? मी म्हटलं, तिनंच केलं. भाऊजींना फोनवर खरं सांगितलं असतं तर माझी चूक सांगावी लागली असती. म्हणून "दाखवून घ्या" म्हणाले. तीन दिवस मी माझी अब्रू सांभाळत बसले आणि तू तिकडे स्वयंपाकघरात पडलीस. डॉक्टरांना आता खरं सांगितलंय. माझी नोकरी राहील न राहील, त्याचं मला काही वाटत नाही.

विष हा शब्दही माझाच. तो खोटा होता. ते द्रव्य तुझ्या अंगात जन्मापासून आहे, तुझी ग्रंथी रोज सकाळी तेच करायची. सोडायची गोष्ट ती नव्हतीच. सोडायचा होता तो पुडीवाला, आणि माझा सल्ला.

तुला वाटतंय सगळे फसवतायत. ते वाटणंही त्याच आजारातलं आहे, पण हे मी सांगून तू कसं मानशील? मीच तर फसवलंय. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. मला आयुष्यभर तोंड दाखवू नकोस. फक्त गोळी घे. प्रणितासाठी घे, कुणासाठीही घे. मी इथंच बसलेय.

सौम्या


बोरगाव
३० ऑक्टोबर २०२४

चि. सौम्या हिस त्रिशलाच्या सासूचा, तारामतीचा आशीर्वाद.

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही कानडी. मराठी मी बस्तीत पोथ्या वाचून शिकले. अक्षर लावून घे.

त्या दिवशी तू जिन्यावर बसून होतीस आणि मी तुला संध्याकाळी साडेपाचला बसला घालवलं. घरी तुझीही माणसं वाट बघत असतात म्हणून घालवलं. पुढचं तुला वीरेंद्रनं फोनवर थोडं सांगितलं आहे. त्याला सगळं माहीत नाही, तो तेव्हा खाली औषधाच्या दुकानात होता. म्हणून मी लिहिते.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. वाचता वाचता दिवस मावळला, मग पाणी न पिता तसंच पुढं वाचलं. तिनं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तुझ्यावर तिचा राग आहे. माझाही होता. तू जे स्वतःबद्दल लिहिलंस ते वाचल्यावर माझा कमी झाला. तिचा ती बघेल.

सात वाजायला आले होते. सूर्य बुडून बराच वेळ झाला होता. तिचे ओठ पांढरे पडायला लागले, बोलताना शब्द लांबत होते. डॉक्टर येऊन बघून गेले, मला बाहेर बोलावून म्हणाले, आजी, आता वेळ थोडा आहे. सिस्टर गोळी आणि पाण्याचा गिलास घेऊन आली. त्रिशला म्हणाली, "नियम हाय माझा. आन् दिवसबी मावळलाय, आई. आता पाणीबी न्हाय."

मला एकतीस वर्षं झाली. सूर्य बुडाल्यावर पाण्याचा थेंब नाही. मालक गेले त्या रात्री बायका पाणी घे म्हणत होत्या, घेतलं नाही. टायफॉइड झाला तेव्हा घेतलं नाही. गावात माझं नाव आहे त्यासाठी, आणि मला त्याचं बरं वाटायचं. पोरीला विचारत बसायचे, कशाचं भ्या वाटतंय. मला कधी वाटलं नव्हतं म्हणून विचारायचे. त्या संध्याकाळी मला वाटलं. हातपाय गार पडले, छातीत धडधडलं, ती सांगायची तसंच सगळं. दोन वर्षं ही यात राहिली आणि मी तिला नाव विचारत होते.

मी सिस्टरच्या हातातला गिलास घेतला आणि अर्धा प्याले. तिच्या डोळ्यांपुढे, सावकाश.

ती कोपरावर उठली. म्हणाली, "आई, काय केलंसा हे? एकतीस वर्सं."

मी म्हटलं, "व्हय, एकतीस वर्सं."

"माझं पाप तुमी कशाला घेतलंसा?"

"तुझं न्हाय घेतलं. एकाचं कर्म दुसऱ्याला घेता येत न्हाय, येवढं मलाबी कळतंय. माझा नियम मी मोडला. म्हाराजांच्या म्होरं बसून प्रायश्चित्त घीन, उद्या परत नियम घीन. तू गेलीस तर तुला मी कुठनं आणू गं?"

मग तिनं माझा हात धरला, दोन्ही हातांनी, ती सुजलेली बोटं नीट वळतही नव्हती. पाकिटावरचं नाव तिनं एकदा वाचलं. गोळी जिभेवर ठेवली आणि गिलासातलं उरलेलं पाणी प्याली.